चाळीसगावचा टांगा : सत्यलेखन आणि मान

दलित आत्मकथनांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले, पुढच्याच वर्षी प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आले, आणि त्यानंतरच्या चार-साडेचार दशकांत या वाङ्मयाने मराठी साहित्याचा चेहरामोहरा पालटून टाकला. या साऱ्या चर्चेत 'प्रामाणिकपणा' हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरला गेला, की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली. जे भोगले ते लिहिले म्हणजे लेखन प्रामाणिक झाले, हे समीकरण समीक्षकांनी मांडले, वाचकांनी स्वीकारले आणि नव्या लेखकांनी ते पाठ केले. आमच्या मते हे समीकरण अपुरे आहे. दुःख भोगणे ही एक गोष्ट आणि भोगलेले दुःख यथाभूत पाहणे ही दुसरी. पहिलीसाठी जन्म पुरतो, दुसरीसाठी चित्ताची शिस्त लागते. बौद्ध वाचकाने तरी हा भेद विसरता कामा नये. तो समजून घेण्यासाठी आम्हां खानदेशवासीयांना दूर जावयास नको. चाळीसगावच्या रेल्वे स्थानकापासून दोन मैलांच्या आत १९२९ साली जी घटना घडली आणि जिची हकीकत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतः लिहून ठेवली, तेवढी दोन-अडीच पाने पुरेशी आहेत.

ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी लेखात आहे. बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातील हा मजकूर त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली तो पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला आणि पुढे वसंत मून यांनी संपादिलेल्या शासकीय ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात तो आला. लेखनकाल १९३५-३६ च्या सुमाराचा सांगितला जातो. तथापि शेवटच्या प्रकरणात १९३८ मधील एका सभेचा उल्लेख असल्यामुळे निदान तो भाग नंतरचा मानला पाहिजे. परदेशी माणसास अस्पृश्यता ठाऊक असते, पण ती प्रत्यक्षात कशी असते हे उमगत नाही. म्हणून काही प्रसंगच सांगावेत, अशी लेखाची योजना आहे. लहानपणचा गोरेगावचा प्रवास, बडोद्यातील पारशी धर्मशाळा, दौलताबादच्या किल्ल्यावरील हौद हे प्रसंग आपल्या वाचकांस परिचित आहेत. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात हा लेख अभ्यासासाठी वाचला जातो. आपल्याकडे मात्र तो बहुधा चरित्राचे साधन म्हणूनच हाताळला गेला. त्याकडे वाङ्मय म्हणून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

प्रथम घटना सांगू. अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीने दौऱ्यासाठी प्रांत वाटून घेतला आणि पूर्व व पश्चिम खानदेश हे त्या वेळचे दोन जिल्हे बाबासाहेब व त्यांचे एक सहकारी यांच्याकडे आले. काम आटोपल्यावर मुंबईस परतताना बाबासाहेब चाळीसगावी उतरले. धुळ्याच्या फाट्यावरील एका गावी अस्पृश्यांवर सवर्णांनी बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करावयाची होती. चाळीसगावच्या मंडळींनी रात्री मुक्कामाचा आग्रह केला व त्यांनी तो मानला. गावी जाऊन ते पुढच्या गाडीने परत आले, तेव्हा स्थानकावर मंडळी हार घेऊन उभी होती. महारवाडा दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे. भाड्याचे टांगे समोर पुष्कळ उभे, आणि चालतही जाता आले असते. तरी तासभर कोणी हलेना. अखेर एक टांगा आला. त्यात बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच बसले. बाकीचे आडवाटेने पायी निघाले. दोनशे पावले जातात न जातात तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरची फरशी आली. तिला कठडे नव्हते, केवळ काठाने अंतराअंतरावर दगड रोवलेले होते, आणि रस्त्यावरून तिच्यावर येताना काटकोनात वळावे लागे. पहिल्याच दगडापाशी घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब उडून फरशीवर पडले, आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. ते बेशुद्ध झाले. पलीकडच्या तीरावर महारवाड्यातली बायामाणसे आक्रोश करीत होती. पायाचे हाड मोडले होते.

चौकशीअंती कळले ते असे. टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवून हाकण्यास नकार दिला. ते त्यांना कमीपणाचे वाटले. इकडे आपल्या पाहुण्याने पायी जावे, हे महारवाड्यास पटेना. ते त्याच्या इतमामास शोभणारे नव्हते. मग तडजोड झाली. मालकाने टांगा भाड्याने द्यावा, हाकणारा महारांनी आपला आणावा. हाकण्याचा धंदा त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. त्यात काय अवघड, असे समजून एकाने लगाम हाती घेतला. पण वाटेत जबाबदारीची जाणीव झाली तशी त्याला धडकी भरली आणि त्याने लगामाचा नाद सोडला. बाबासाहेब नमूद करतात की त्यांची प्रतिष्ठा राखण्यासाठी मंडळींनी त्यांचा जीव धोक्यात घातला, आणि प्रवाशाची प्रतिष्ठा राखण्याहून त्याची सुरक्षितता महत्त्वाची हे त्यांच्या ध्यानी आले नाही. त्यानंतर शेवटचे वाक्य येते ते टांगेवाल्याविषयी: हलक्या कामावर पोट भरणारा हा हिंदू कोणत्याही अस्पृश्याहून, मग तो बॅरिस्टर का असेना, स्वतःस श्रेष्ठ समजू शकतो.

या लेखनाची पहिली खूण अशी की त्यात मापे आहेत, विशेषणे जवळजवळ नाहीत. दोन मैल, दोनशे पावले, पाच-दहा फुटांवरचे दगड, काटकोनी वळण. न्यायालयात उभा राहणारा माणूस घटनास्थळाचा पंचनामा वाचतो, तशी ही भाषा आहे. पायाचे हाड मोडल्याचे एका ओळीत येते आणि पुढचे वाक्य लगेच कारणाकडे वळते. वेदनेचे वर्णन करण्याची एवढी संधी हाताशी असताना लेखकाने ती सोडून दिली. असे का झाले, हा प्रश्न त्यास वेदनेपेक्षा अधिक निकडीचा वाटला. दुःख सांगून न थांबता त्याच्या समुदयाकडे जाणे, हा क्रम आपल्या वाचकांस निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. (ज्या गावच्या बहिष्काराच्या चौकशीस ते गेले, त्या गावाविषयी मात्र लेखात जेमतेम एक-दोन वाक्ये आहेत. ती हकीकत विस्ताराने आली असती तर बरे झाले असते, असे खानदेशी वाचकास वाटल्याखेरीज राहत नाही.)

दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. लेखक आपले अज्ञान त्याच्या जागी तसेच ठेवतो. स्थानकावर खोळंबा का झाला हे त्या वेळी आपणांस समजले नाही, असे तो लिहितो. मोटारीशी टक्कर होता होता वाचली, तेव्हा रोज भाडे मारणारा माणूस इतका अडाणी कसा, याचे आपणांस आश्चर्य वाटले, हेही तो लिहितो. वास्तविक लिहिण्याच्या वेळी त्यास ठाऊक आहे की हाकणारा टांगेवाला नव्हताच. तो आपल्याच वस्तीतला, भयाने घामाघूम झालेला एक माणूस होता. मागाहून आलेले शहाणपण आधीच्या क्षणात पेरणे अगदी सोपे होते, आणि आत्मकथा लिहिणारे बहुतेक जण तेच करतात. येथे ते घडले नाही. जेव्हा जे कळले, तेव्हाच ते वाचकास कळते. सुत्तांत वारंवार येणाऱ्या 'यथाभूत' या शब्दाचे भाषांतर आम्ही वर्गात नाना परींनी करतो. या परिच्छेदाइतके स्पष्ट उदाहरण आम्हांस क्वचितच सापडले आहे.

तिसरी खूण शब्दाची आहे, आणि आमचा मुख्य मुद्दा तिच्यातच आहे. मूळ इंग्रजीत 'डिग्निटी' हा एकच शब्द पुनःपुन्हा येतो. टांगेवाल्याला कमीपणा वाटतो तेथे तोच शब्द, पाहुण्याने पायी जाऊ नये असे महारांना वाटते तेथे तोच शब्द, आणि अखेरच्या वाक्यातही तोच. भाषांतरकाराने एके ठिकाणी 'इभ्रत', दुसरीकडे 'प्रतिष्ठा' आणि तिसरीकडे 'घमेंड' असे केले तर मराठी वाचते चांगली, पण लेखाचा कणा मोडतो. कारण लेखकास दाखवावयाचे आहे ते हेच, की त्या तासाभरात स्थानकाबाहेर दोन पक्षांत ज्याची घासाघीस चालली होती ती वस्तू एकाच जातीची होती. तिला मराठीत एकच नाव द्यावयाचे तर आम्ही 'मान' हे देऊ.

या शब्दाची गंमत पालीच्या अभ्यासकास विशेष जाणवते. मराठीत मान ही चांगली गोष्ट आहे; ती द्यावयाची, घ्यावयाची, राखावयाची असते. लग्नात मानपान नीट झाला नाही म्हणून आमच्याकडे दोन-दोन पिढ्यांचे बोलणे बंद होते. पालीत मात्र 'मान' हे संयोजन आहे, बंधन आहे. आणि ते केवळ गर्विष्ठाचे बंधन नव्हे. मी श्रेष्ठ आहे हा मान, मी बरोबरीचा आहे हाही मान, आणि मी हीन आहे हाही मानच, असे तिहेरी विवेचन सुत्तपिटकात येते. अभिधम्माच्या विभंगात त्याचेच नऊ प्रकार होतात. आधुनिक वाचकास यातील तिसरा प्रकार चमत्कारिक वाटतो. स्वतःस हीन समजणाऱ्याला मान कसला? परंतु तीनही ठिकाणी माणूस स्वतःस दुसऱ्याशेजारी उभे करून मोजतो आहे, आणि मोजणे हेच बंधन आहे. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विवेचन केले, तिचे मानसशास्त्र या तिहेरी विवेचनात आधीच सांगितलेले दिसते. टांगेवाल्याकडे ना जमीन, ना विद्या, ना सत्ता. मोजण्याच्या पट्टीवर त्याच्या खाली कोणीतरी आहे, एवढीच त्याची मिळकत. ती सोडावयास तो कसा तयार होईल?

मान हे सर्वांत शेवटी सुटणाऱ्या बंधनांपैकी एक आहे, असे धम्म सांगतो. संयुत्तनिकायात खेमक नावाच्या आजारी भिक्खूचे सुत्त आहे. स्थविर त्यास विचारतात, की तू पाच खंधांत 'मी' पाहत नाहीस, मग तू अर्हत झालास काय? तो म्हणतो, नाही. 'हा मी' असे काही मी पाहत नाही, तरी 'मी आहे' एवढे अजून उरले आहे. धोब्याने वस्त्र खार व शेण लावून स्वच्छ धुतले तरी त्यास खाराचा वास राहतो, तसे. इतक्या दूर आलेल्या भिक्खूच्या अंगी तो वास राहत असेल, तर १९२९ सालच्या चाळीसगावच्या महारवाड्यात, ज्या माणसांना शतकानुशतके एकही मान मिळाला नव्हता, त्यांना आपल्या बॅरिस्टराचा मान जिवापेक्षा मोठा वाटला, यात आश्चर्य कसले? मनुष्यस्वभावाविषयीचे हे ज्ञान लेखात आहे, म्हणूनच त्याच्या स्वरात महारवाड्याविषयी कडवटपणाचा लवलेश नाही. चूक चूक म्हणून सांगितली आहे, आणि ती करणाऱ्याचे प्रेमही झाकलेले नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. दोन्ही बाजूंस मान होता असे म्हटले की दोष निम्मा-निम्मा वाटून मोकळे होणारे समीक्षक आपल्याकडे आहेत. लेखाची रचनाच त्यास आडवी येते. महारवाड्याची चूक सांगून झाल्यावर लेखक तेथे थांबत नाही. अखेरचे वाक्य टांगेवाल्याला आणि त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या व्यवस्थेला दिले आहे. एकाचा मान नाकारण्यातून उभा राहतो, दुसऱ्याचा त्या नकाराला उत्तर म्हणून. पहिला नसता तर दुसऱ्याची वेळच आली नसती. कार्यकारणाचा हा क्रम लेखात चोख आहे.

दीघनिकायातील अम्बट्ठ सुत्ताची येथे आठवण होते. कुळाच्या गर्वाने फुगलेला ब्राह्मण तरुण शाक्यांना हीन म्हणतो, तेव्हा तथागत त्याच्याच गोत्राचा मूळ पुरुष कण्ह हा दासीपुत्र होता हे त्याच्याकडून सर्वांसमक्ष वदवतात. सत्य पूर्णपणे बाहेर येते. परंतु त्याचे सोबती त्यालाच दासीचा पोर म्हणून हिणवू लागतात, तेव्हा त्यांना थांबवणारेही तथागतच. तो कण्ह पुढे मोठा ऋषी झाला, असे सांगून ते त्या पोराची सुटका करतात. गर्व उतरवावयाचा, पण त्याच पट्टीने नवा अपमान होऊ द्यावयाचा नाही. आपल्या सभांतून या सुत्ताचा पूर्वार्ध पुष्कळदा सांगितला जातो. उत्तरार्ध राहून जातो.

चाळीसगावच्या हकीकतीचेही तेच झाले आहे. जयंतीच्या आणि महापरिनिर्वाण दिनाच्या व्यासपीठांवरून आम्ही ती अनेकदा ऐकली. टांगेवाल्यांचा नकार असतो, उधळलेला घोडा असतो, मोडलेला पाय असतो. तडजोड नसते. आपल्याच माणसाने लगाम धरला होता, हे क्वचितच सांगितले जाते. सांगितले तर त्यास शूर वीर करून टाकले जाते. काही वक्त्यांनी तर टांगा मुद्दाम उलटवला, असेही सांगितलेले आम्ही ऐकले आहे. ऐकणाऱ्यांच्या मुठी वळतात, टाळ्या पडतात. परंतु बाबासाहेबांनी जे लिहिले त्यातील निम्मे बाबासाहेबांच्याच नावाने गाळले जाते, याला काय म्हणावे? शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहामुळे खानदेशातील आदिवासींचा स्वर मराठी कवितेत ठळकपणे उमटला. व्यासपीठावर चढलेली माणसे खाली बसलेल्यांना त्यांचेच दुःख कसे समजावून सांगतात, यावरची त्यांची कविता प्रसिद्ध आहे. ती लिहिली तेव्हा व्यासपीठावर इतर लोक होते. आता तेथे पुष्कळदा आपणच असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आपल्या समाजाच्या चुका, भांडणे, घरातले उणेपण लिहिले तर ते विरोधकांच्या हाती कोलीत देणे होय. 'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हा आपल्यातीलच अनेक सुशिक्षितांनी नाके मुरडली, ती याच कारणाने. उकिरडा कशाला उकरता, असा त्यांचा प्रश्न होता. ज्या समाजाची बदनामी हाच इतरांचा उद्योग आहे, त्याला असा प्रश्न पडावा हे स्वाभाविक आहे, आणि समीक्षकांनी त्याची टिंगल केली ती योग्य नव्हे. मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्त या प्रश्नाकडे पाहते. असत्य तर बोलावयाचेच नाही. पण सत्य असूनही जे हिताचे नाही तेही तथागत बोलत नाहीत. जे सत्य आहे, हिताचे आहे, पण ऐकणाऱ्यास अप्रिय आहे, त्यासाठी ते काळवेळ पाहतात. म्हणजे सर्व काही उघड करणे हा धम्माचा आदेश नव्हे. तथापि त्याच सुत्तात दृष्टान्त आहे तो लहान मुलाचा. त्याने तोंडात खडा घातला तर बोट घालून, प्रसंगी रक्त आले तरी, तो काढावा लागतो, आणि हे करुणेनेच होते. सत्य लिहिण्याची कसोटी मग अशी ठरते: हे बोट कोणाच्या करुणेने आत गेले आहे? बाजारात खपावे म्हणून उकरलेला उकिरडा आणि मुलाच्या घशातला खडा यांत फरक करणे वाचकास अवघड जात नाही.

आणि या आक्षेपाला खुद्द चाळीसगावच्या प्रकरणाने दिलेले उत्तर तर फारच बोलके आहे. हा लेख परक्यांसाठी लिहिलेला होता. अस्पृश्यता म्हणजे काय हे ज्यांना सांगावयाचे, त्यांच्यापुढे तडजोडीचा भाग गाळला असता तर आरोपपत्र अधिक धारदार झाले असते, आणि तो गाळल्याचे कोणास कळलेही नसते. एका निष्णात बॅरिस्टराने तो गाळला नाही. तो असल्यामुळेच आरोप अभेद्य झाला आहे, हे आज वाचताना ध्यानात येते. जो आपल्या माणसांची चूक लिहितो, त्याने टांगेवाल्याविषयी लिहिलेले खोटे आहे असे म्हणण्याची सोय उरत नाही.

खानदेशाने मराठीला दिलेले इतर लेखन याच दृष्टीने पाहता येईल. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक होते. १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी त्यांनी केलेले उपोषण सर्वश्रुत आहे. 'श्यामची आई'त एक प्रसंग आहे. वृद्ध महार स्त्रीची मोळी पडते. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. ही आंघोळ गुरुजींनी गाळली नाही, याबद्दल त्यांना दाद दिली पाहिजे. त्या काळचे ममत्व किती लांबीचे होते याचा तो पुरावाच आहे. मात्र कथनाचा डोळा आईच्या थोरवीकडे वळतो आणि तेथेच ओलावतो. मोळी घेऊन चालू लागलेल्या म्हातारीस त्या आंघोळीविषयी काय वाटले असेल, हा प्रश्न पुस्तकाच्या कक्षेबाहेर राहतो. भावना खरी असूनही दृष्टी अपुरी असू शकते, याचे हे उदाहरण. आम्ही गुरुजींच्या निष्ठेविषयी शंका घेत नाही. अश्रू आणि यथाभूत दर्शन एक नव्हेत, एवढेच सांगतो.

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. आसोद्याची ही लेक, जळगावची सून, शेतात आणि जात्यावर गात राहिली. १९५१ साली ती गेली आणि पुढच्या वर्षी तिची गाणी पुस्तकरूपाने आली. जळगावातल्या छापखान्यावर तिचे एक गाणे आहे. कोरा कागद छापून निघतो तो शहाणा होतो आणि माणूस मात्र होता तसाच राहतो, असा त्याचा रोख आहे. निरक्षर बाईने छापील विद्येची केलेली याहून नेमकी समीक्षा मराठीत शोधावी लागेल. मनावरचे तिचे गाणे आणि धम्मपदातील चित्तवग्ग यांची तुलना आमचे विद्यार्थी हौसेने करतात; ती उपमांपुरती ठीक आहे. छापखान्याचे गाणे आम्हांस अधिक जवळचे वाटते, कारण आज आपल्या समाजात छापलेल्या कागदाची मुळीच वाण नाही.

आमच्याकडे प्रस्तावनेसाठी, अभिप्रायासाठी हस्तलिखिते येतात. जळगाव, भुसावळ, धुळे, साक्री. बहुतेक लेखक निवृत्त शिक्षक, रेल्वेतील किंवा वीज मंडळातील कर्मचारी. निवृत्तीच्या पैशांतून पुस्तक काढण्याची ही धडपड आदरणीय आहे, आणि त्यातील कित्येक पानांत ज्ञानाचा साठा असतो: भुसावळच्या चाळी, केळीच्या बागांतील मजुरी, धम्मदीक्षेनंतर गावकीची कामे सोडल्यावर पडलेला बहिष्कार. परंतु साचा ठरून गेला आहे. भूक, शाळा, मास्तरांचा टोमणा, बाबासाहेबांचे भाषण, नोकरी, घरकुल, मुलांच्या पदव्या. पत्नी एका परिच्छेदात येते आणि तिचे कष्ट थोर असतात. आपण हुंडा घेतला की नाही, आपल्याच समाजातल्या दुसऱ्या पोटजातीच्या सोयरिकीला आपण काय म्हणालो, कार्यालयातील सफाई कामगाराला आपण कोणत्या कपात चहा दिला, यांविषयी ओळ नसते. टांगेवाला प्रत्येक पानावर आहे. लगाम हाती घेणारा कोठेच नाही.

बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये जे केले ते या ठिकाणी आठवावे. फलटणच्या या बाईने आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. तिने सवर्णांचा जाच लिहिला, आणि त्याच लेखणीने महारवाड्यातील सासवांचा छळ, नवऱ्यांची मारहाण, अंगात येणे, सारे लिहिले. बाबासाहेबांवरील तिची श्रद्धा पानोपानी आहे, आणि त्या श्रद्धेमुळेच तिला गाळागाळ करण्याची गरज भासली नाही. चाळीसगावच्या परिच्छेदाची खरी वारसदार आम्ही तिला मानतो.

सम्राट अशोकाने भाब्रूच्या लेखात भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका यांनी वारंवार ऐकावीत म्हणून काही बुद्धवचने नावानिशी सांगितली आहेत. त्यांतील एक म्हणजे राहुलाला असत्यभाषणाविषयी केलेला उपदेश. तथागत बाल राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, तो उत्तर देतो. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पुनःपुन्हा पाहावे, मग ते कायेचे असो, वाचेचे असो वा मनाचे. ध्यानात घ्यावे की सत्याचा उपदेश येथे दुसऱ्याविषयी खरे बोलण्यापाशी संपत नाही. तो आरशापाशी जातो. आत्मकथन लिहिणाऱ्या उपासकाने हे सुत्त एकदा लिहावयास बसण्यापूर्वी आणि एकदा मुद्रिते तपासताना वाचावे, अशी सूचना आम्ही अनेकांना केली आहे. काहींनी ती मानली. काही पुन्हा आले नाहीत.

भाषेविषयी थोडे. विनयपिटकातील चुल्लवग्गात दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खू बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची परवानगी मागतात, आणि तथागत ती नाकारून 'सकाय निरुत्ति'त धम्म शिकण्यास सांगतात. या शब्दाने बुद्धांची स्वतःची भाषा समजावी की शिकणाऱ्याची, यावर अट्ठकथाकार आणि आधुनिक अभ्यासक यांत मतभेद आहे. आम्ही दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. खानदेशातील आत्मकथनांत मात्र आई मरताना प्रमाण मराठीत बोलते. जिने जन्मभर अहिराणीखेरीज शब्द उच्चारला नाही तिच्या तोंडी पुण्याची वाक्ये घातली, की तिचे मरणही परके होते. लेखकाला हे खोटे वाटत नाही, कारण शुद्ध लिहिणे हाही एक मानच आहे.

टांगा हाकणाऱ्याचे नाव बाबासाहेबांच्या लेखात नाही. त्यास दूषणही दिलेले नाही. त्याला भीती वाटली, एवढेच त्यात आहे. शुद्धीवर येईपर्यंत त्याने नदीकाठी काय केले, पुढे तो बाबासाहेबांच्या समोर येऊ शकला का, वस्तीने त्याला काय म्हटले, हे सारे लेखाच्या बाहेर आहे, आणि तेच आपल्या लेखकांचे काम आहे. २०२९ साली या घटनेस १०० वर्षे होतील. स्मरणिका निघतील. त्यांत मूळ उतारा तडजोडीच्या परिच्छेदासह संपूर्ण छापावा, 'डिग्निटी'साठी सर्वत्र एकच मराठी शब्द ठेवावा, आणि चाळीसगावच्या जुन्या घरांतील नातवंडा-पणतवंडांनी आजीकडून जे ऐकले असेल ते त्याच बोलीत शेजारी द्यावे: स्थानकावर तासभर काय बोलणी झाली, लगाम धरण्यास कोण पुढे आला, आणि फरशीच्या पलीकडे उभ्या असलेल्या बायांना आधी काय दिसले, घोडा की माणूस.